एल्फ किती वर्षे जगतात? ‘७५०’ या आकड्यामागचा हिशेब

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ हा संगणकावरचा खेळ आला आणि वर्ष संपण्यापूर्वीच ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’शी ज्यांचा कधीच संबंध आला नव्हता, अशा असंख्य खेळाडूंची त्यामुळे एल्फ या दीर्घायुषी जमातीशी पहिल्यांदा गाठ पडली. त्या खेळातला ॲस्टेरियन हा एल्फ दोनशे वर्षांपूर्वी मारला जाऊन रक्तपिपासू पिशाच्च झालेला आहे. पुढे त्याचे थडगे सापडते आणि त्यावर कोरलेल्या जन्म-मृत्यूच्या सालांत अवघे ३९ वर्षांचे अंतर भरते. मृत्यूपूर्वी तो शहरात दंडाधिकारी होता. ज्या नियमांवर हा खेळ बेतला आहे, ते मात्र सांगतात की एल्फ साधारण शंभराव्या वर्षी स्वतःला प्रौढ म्हणवतो आणि ७५० वर्षांपर्यंत जगू शकतो. मग शंभरीच्या निम्म्यालाही न पोहोचलेला एल्फ न्यायदानाच्या खुर्चीवर बसला कसा, असा प्रश्न खेळाडूंना पडला.

पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, मूळ खेळाचे खेळाडूंसाठीचे नियमपुस्तक सुधारून निघाले आणि त्यात आयुष्याबद्दलचे वाक्य किंचित बदलले. एल्फ ‘७५० वर्षांपर्यंत जगू शकतात’ याऐवजी आता ते ‘सुमारे ७५० वर्षे जगतात’. आकडा तोच राहिला, पण ‘जगू शकतो’ आणि ‘जगतो’ या दोन विधानांत शेकडो वर्षांचे अंतर पडते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी थोडा इतिहास आणि थोडे अंकगणित लागते. दोन्ही अवघड नाहीत.

कोणत्या जगातले एल्फ?

एल्फांची आयुर्मर्यादा प्रत्येक कल्पित विश्वात वेगळी असते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्कीन यांच्या कथाविश्वातले एल्फ म्हातारपणाने मरतच नाहीत. शस्त्राने किंवा दुःखाने मात्र मरू शकतात. ‘वॉरक्राफ्ट’ या संगणकावरच्या खेळाच्या जगातले रात्र-एल्फ आधी अमर होते आणि एका महायुद्धात आपला पवित्र वृक्ष पणाला लावल्यानंतर मर्त्य झाले. या लेखात फक्त ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा विचार केला आहे, कारण आयुष्याचे नियम, तक्ते आणि फासे यांसकट लेखी हिशेब ठेवणारा हा सर्वांत जुना खेळ आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रकाशित केला. त्यात एक जण कथेचे सूत्र सांभाळतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात, आणि बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. पात्र निवडताना त्याचे वय लिहावे लागते आणि प्रश्न तिथूनच सुरू होतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. हे एल्फ आपल्याकडच्या सप्तचिरंजीवांसारखे नाहीत. अश्वत्थामा किंवा बिभीषण यांना वयाची मर्यादाच नाही, तर या खेळातल्या एल्फाला मर्यादा आहे. ती फक्त माणसापेक्षा खूप लांब आहे.

पन्नास वर्षांत आकडा कसा बदलत गेला

१९७९ साली डंजन मास्टरांसाठी जे नियमपुस्तक निघाले, त्यात एल्फांच्या उपजातींनुसार वयाचा सविस्तर तक्ता होता. उच्च एल्फ १०० ते १७५ या वयात तरुण, ५५० पर्यंत परिपक्व, ८७५ पर्यंत मध्यमवयीन, १२०० पर्यंत वृद्ध आणि १६०० पर्यंत अतिवृद्ध धरला जाई. करड्या एल्फांची मर्यादा २००० वर्षांपर्यंत जात होती, वनवासी एल्फांची १३५० पर्यंत आणि भूगर्भात राहणाऱ्या ड्रो एल्फांची १००० पर्यंत. म्हणजे पहिल्या पिढीतले खेळाडू ज्या उच्च आणि करड्या एल्फांना ओळखत होते, ते आजच्या एल्फांच्या दुपटीहून अधिक जगू शकत होते.

त्या काळात वयाला खेळात प्रत्यक्ष किंमत होती. ‘हेस्ट’ हा वेग वाढवणारा मंत्र ज्याच्यावर टाकला जाई, त्याचे वय एका वर्षाने वाढे. भुताचे नुसते दर्शन झाले तरी दहा वर्षे निघून जात आणि त्याच्या स्पर्शाने दहा ते चाळीस. चाळिशीतल्या माणसाला असे दोन स्पर्श म्हणजे थेट वार्धक्य, तर दोनशे वर्षांच्या एल्फाला त्याची फारशी झळही नाही. दीर्घायुष्य हे त्या नियमांत ढालीसारखे उपयोगी पडणारे बळ होते, केवळ वर्णनापुरती शोभा नव्हती.

१९८९ साली नियमांची दुसरी आवृत्ती आली आणि तिने एक गंमतशीर विसंगती जन्माला घातली. तिच्या वर्णनात एल्फ १२०० वर्षांहून अधिक जगतात असे म्हटले आहे, पण वयाच्या तक्त्यात कमाल वय म्हणून ‘३५० अधिक चार शतफासे’ असे सूत्र दिले आहे. शतफासा म्हणजे १ ते १०० यांपैकी कोणताही आकडा देणारा फासा; सूत्रातून येणारे सर्वांत मोठे वय ७५०. दोन विधानांचा मेळ तळटीप घालते: या वयाला पोहोचलेला एल्फ मरत नाही, तर माणसांचे जग सोडून एका गूढ प्रदेशाकडे निघून जाण्याची अनिवार ओढ त्याला लागते. म्हणजे तक्त्यातला आकडा मृत्यूचा नव्हताच. तो निघून जाण्याचा होता. टोल्कीन यांच्या एल्फांच्या पश्चिमेकडच्या प्रस्थानाची छाया इथे उघड दिसते.

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने सूत्र तसेच ठेवले, पण गूढ प्रदेश गाळून टाकला. ३५० व्या वर्षी अतिवृद्धावस्था सुरू होते आणि त्यानंतर चार शतफासे जितकी वर्षे देतील तितकी वर्षे एल्फ जगतो. ती संपली की वार्धक्याने मृत्यू. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर एल्फांना दोनशेहून जास्त आणि त्यांच्या एलाड्रिन या चुलतभावंडांना तीनशेहून जास्त एवढ्यावरच थांबवले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तक्ता आणि फासे दोन्ही गेले, आणि उरले एक वाक्य: एल्फ ७५० वर्षांपर्यंत जगू शकतो.

चार फासे काय सांगतात

७५० हा आकडा जुन्या सूत्राच्या कमाल मूल्याशी तंतोतंत जुळतो: ३५० अधिक ४००. आता हे कमाल मूल्य प्रत्यक्षात किती वेळा मिळेल ते पाहू. चारही शतफाशांवर एकाच वेळी शंभर पडण्याची शक्यता दहा कोटींत एक आहे. चार शतफाशांची सरासरी बेरीज २०२ येते, म्हणजे जुन्या नियमांनुसार नैसर्गिक मृत्यू येणाऱ्या एल्फाचे सरासरी वय ५५२. चार फाशांची बेरीज मध्याभोवती दाटते, त्यामुळे दर तीन एल्फांपैकी साधारण दोन एल्फ ४९५ ते ६१० या वयात जातील. सातशेपर्यंत पोहोचणारे हजारात तीनच निघतील.

म्हणून २०१४ चे ‘जगू शकतो’ हे वाक्य जुन्या सूत्राशी सुसंगत आहे आणि २०२४ चे ‘सुमारे ७५० वर्षे जगतात’ हे वाक्य सुसंगत नाही. जो टप्पा दहा कोटींतल्या एकाला लाभत होता, तो आता नेहमीचा झाला. खेळाच्या निर्मात्यांना नियम बदलण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि एका ओळीत बसणारे सोपे वाक्य नव्या खेळाडूला सोयीचे पडते, हेही खरे. पण ज्याला जुन्या आणि नव्या कथा एकत्र गुंफायच्या आहेत, त्याने हा बदल लक्षात घेतलाच पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

आयुर्मर्यादा आणि सरासरी आयुर्मान

इथे दोन संज्ञा वेगळ्या ठेवायला हव्यात. आयुर्मर्यादा म्हणजे सगळे काही नीट पार पडले तर शरीर जास्तीत जास्त किती टिकेल. सरासरी आयुर्मान म्हणजे जन्मलेल्या सगळ्यांनी प्रत्यक्षात जगलेल्या वर्षांची सरासरी. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते आणि आता ते सत्तरच्या घरात आहे. याचा अर्थ आपले पणजोबा बत्तिसाव्या वर्षी म्हातारे होत होते असा नाही. त्या काळातही सत्तरी-ऐंशी गाठणारी माणसे घरोघरी होती. पण बालमृत्यू आणि साथींचे रोग यांनी सरासरी खाली ओढलेली होती. माणसाची आयुर्मर्यादा तेव्हाही तीच होती. आजवर वयाची खात्रीशीर नोंद असलेली सर्वांत दीर्घायुषी व्यक्ती म्हणजे फ्रान्सच्या जान काल्माँ. त्या १९९७ साली १२२ व्या वर्षी वारल्या.

आता असा जीव कल्पून पाहा की ज्याला वार्धक्य जवळपास नाहीच. चहाच्या टपरीवरचे काचेचे ग्लास घ्या. काच झिजत नाही. वर्षभर वापरलेला ग्लास नव्याइतकाच मजबूत असतो. तरीही टपरीवर दहा वर्षांपूर्वीचा ग्लास सहसा सापडत नाही, कारण रोज विसळताना, ट्रेवरून नेताना, ओल्या हातातून निसटताना एखादा फुटतोच. उद्या कोणता फुटेल हे सांगता येत नाही, पण शंभर ग्लासांपैकी महिन्याला किती कमी होतील हे टपरीवाल्याला बरोबर माहीत असते. जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वार्धक्याचा हाच मुद्दा प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्यांचे उदाहरण देऊन मांडला होता: न झिजणाऱ्या वस्तूंचाही साठा अपघातांमुळे घटतच जातो.

एल्फांना हे लागू करू. समजा, अपघात, रोग, युद्ध, राक्षस या सगळ्यांमुळे एल्फाला मरण येण्याचा धोका दर वर्षी हजारात एक आहे आणि त्याखेरीज ७५० व्या वर्षी आयुष्य संपते. मग ७५० गाठणारे शंभरात सुमारे ४७ निघतील आणि सरासरी आयुर्मान ५२८ वर्षांच्या आसपास येईल. धोका पाचशेत एक केला, तर मर्यादेला पोहोचणारे २२ टक्के आणि सरासरी ३८८. दोनशेत एक केला, तर सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आणि सरासरी १९५. तळघरांत शिरून ड्रॅगनशी लढणाऱ्या पात्राचा धोका वर्षाला शंभरात एक धरला, तर तो उदारच म्हणावा लागेल. तेवढ्यानेही सरासरी शंभर वर्षांवर येते. आयुर्मर्यादा सगळीकडे ७५०च आहे, फक्त जगण्याची रीत बदलली आहे.

हजारात एक हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. आजच्या सुस्थित देशांत विशी-पंचविशीतल्या माणसाचा वर्षभरात मरण्याचा धोका साधारण तेवढा किंवा त्याहून कमी असतो. माणसाचे दुर्दैव असे की हा धोका प्रौढ वयात सुमारे दर आठ वर्षांनी दुप्पट होत जातो. बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ साली प्रथम मांडलेला हा नियम आजही विमा कंपन्यांच्या उपयोगी पडतो. पंचविशीतला धोका कायम राहिला असता, तर माणसाचेही सरासरी आयुर्मान हजार वर्षांच्या घरात गेले असते. एल्फ म्हणजे हे दुपटीकरण शेकडो वर्षे लांबणीवर पडलेला माणूस, असे म्हटले तर चूक होणार नाही.

तिसऱ्या आवृत्तीच्या नियमपुस्तकात या मुद्द्याची कबुली आहे. तक्त्यातली कमाल वये खेळाडूंच्या पात्रांसाठी आहेत, जगातले बहुतेक लोक मात्र साथी, अपघात, जखमा चिघळणे आणि हिंसा यांमुळे अतिवृद्ध होण्याआधीच मरतात, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. हे वाक्य बहुतेकांच्या नजरेतून निसटते.

शंभर वर्षांचे बालपण खरे का?

ॲस्टेरियनच्या थडग्याचा प्रश्न इथे सुटतो. पाचवी आवृत्ती सांगते की एल्फाचे शरीर माणसाच्याच वयात, म्हणजे विशीच्या आत-बाहेर, पूर्ण वाढते. शंभर वर्षांनंतरचे प्रौढत्व हे सामाजिक आहे, अनुभवाशी आणि स्वतः निवडलेल्या नावाशी जोडलेले. ३९ वर्षांचा एल्फ त्यामुळे शरीराने आणि बुद्धीने पुरता वाढलेला असतो. एल्फांच्या समाजात ज्येष्ठ त्याला पोरसवदा म्हणतील, पण माणसांचे प्राबल्य असलेल्या व्यापारी शहरात त्याला अधिकारपद मिळण्यात अडचण दिसत नाही.

गोंधळ तिसऱ्या आवृत्तीने वाढवला. तिने ‘प्रौढत्व’ या मथळ्याखाली माणसासाठी १५ आणि एल्फासाठी ११० असे आकडे शेजारी शेजारी छापले, आणि वाचकांनी साहजिकच दोन्हींचा अर्थ एकच धरला. त्यातून साठ वर्षे रांगणाऱ्या एल्फ बाळांची चर्चा रंगली.

२०१८ साली निघालेल्या एका पुरवणी ग्रंथाने या शंभर वर्षांना आशय दिला आणि मला तो भाग या सगळ्या साहित्यात सर्वांत सुंदर वाटतो. एल्फ झोपत नाहीत. चार तास ध्यानासारख्या अवस्थेत बसतात आणि त्या वेळी आठवणी जगतात. लहानपणी त्यांना दिसतात त्या स्वतःच्या आठवणी नसतात, तर देवलोकातल्या आपल्याच जिवाच्या पूर्वायुष्याच्या असतात. हळूहळू स्वतःच्या जागेपणीच्या आठवणी त्यांची जागा घेतात, आणि जुन्या आठवणी दिसायच्या थांबल्या की प्रौढत्व आले असे समजतात. म्हणजे शंभर वर्षे लागतात ती शरीर वाढायला नव्हे, तर हा जन्म स्वतःचा म्हणून मुरायला. आयुष्याच्या उतरणीला पूर्वजन्मीच्या आठवणी पुन्हा उमटू लागतात आणि अखेरची काही दशके उरली की डोळ्यांच्या बाहुल्यांत चंद्रकोरीसारखी खूण दिसते. पुनर्जन्माची कल्पना ज्यांच्या घरात आहे, अशा आपल्या वाचकांना यातले काही परके वाटू नये.

इतकी वर्षे मिळूनही शिकाऊ कसे राहतात?

हा आक्षेप सर्वांत जास्त वेळा घेतला जातो आणि तो बिनतोड आहे. तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांत नवशिक्या मानवी जादूगाराचे सरासरी वय २२ येते, तर नवशिक्या एल्फ जादूगाराचे १४५. दोघांची पातळी पहिली, मंत्रही तेवढेच. मग सव्वाशे वर्षे एल्फाने काय केले?

ध्यानामुळे एल्फाला दिवसाला वीस तास जाग मिळते, माणसाला सोळा. ८० वर्षांचा माणूस आणि ७५० वर्षांचा एल्फ यांची तुलना वर्षांत केली तर एल्फाला सव्वानऊ पटींहून थोडे जास्त आयुष्य मिळते. जागेपणाच्या तासांत मोजले तर जवळपास बारा पट. त्यामुळे आक्षेप आणखी धारदार होतो.

नियमांच्या बाजूने खरे उत्तर एवढेच की सगळे खेळाडू एकाच पातळीवरून सुरू व्हावेत म्हणून हे केले आहे. कथेच्या बाजूने समर्थन देता येते: ज्याला मुदत नाही तो वरवर शिकत नाही, एकेका शाखेत दशके रमतो, आणि खेळातली ‘पातळी’ ही विद्वत्ता मोजत नाही तर संकटांतून सुटण्याची सवय मोजते. हे समर्थन मला अर्धेच पटते. सव्वाशे वर्षे धनुर्विद्या शिकलेला नवशिक्या कसा, याला त्यात उत्तर नाही, आणि पाचव्या आवृत्तीने सुरुवातीच्या वयाचा तक्ताच काढून टाकला ते उत्तम केले. आता विशीतला एल्फ घेऊनही खेळ सुरू करता येतो.

मग जग एल्फांनी भरून का गेले नाही?

दीर्घायुष्य म्हणजे मोठी लोकसंख्या, ही समजूत चुकीची आहे. वाढ ठरते ती दर जोडप्याला जगणारी मुले किती आणि दोन पिढ्यांतले अंतर किती यावर. समजा, माणूस आणि एल्फ दोघांच्याही प्रत्येक जोडप्याची तीन मुले मोठी होतात, म्हणजे दर पिढी दीडपट. माणसांत पिढीचे अंतर २५ वर्षे, एल्फांत २०० धरू. चारशे वर्षांत माणसांच्या १६ पिढ्या होतील आणि नवी पिढी पहिलीच्या साडेसहाशे पटींवर जाईल. एल्फांच्या दोनच पिढ्या होतील आणि पट होईल सव्वादोन. एल्फांचे आजी-आजोबा तेव्हाही हयात असतील, म्हणून डोकी मोजली तर पावणेपाच पट भरतील, पण साडेसहाशेपुढे ते काहीच नाही.

दुसऱ्या बाजूने पाहू. लोकसंख्या स्थिर असेल, तर वर्षाला होणारे जन्म म्हणजे लोकसंख्येला सरासरी आयुर्मानाने भागून येणारी संख्या. सातशे वस्तीच्या गावात माणसे सरासरी सत्तर वर्षे जगत असतील तर वर्षाला दहा पाळणे हलतात; एल्फ सातशे वर्षे जगत असतील तर एकच. युद्धात पन्नास तरुण गेले, तर माणसांच्या गावात तेवढे जन्म पाच वर्षांत होतात. एल्फांना पन्नास वर्षे लागतील आणि त्यांतल्या शेवटच्या बाळाला प्रौढ म्हणवून घ्यायला आणखी शंभर. या जगातले एल्फ युद्ध टाळतात, अरण्यात आड राहतात, माणसांची राज्ये वाढू लागली की माघार घेतात. कथाकारांनी हा स्वभाव त्यांच्या अभिमानाला चिकटवला आहे, पण त्याचे अधिक पक्के कारण या भागाकारात आहे.

निसर्गात असे कोणी आहे का?

आहे. ग्रीनलंडच्या थंड समुद्रातल्या शार्कच्या डोळ्यांतल्या भिंगांवरून २०१६ साली वये काढण्यात आली, तेव्हा सर्वांत मोठी मादी किमान २७२ वर्षांची ठरली आणि प्रजननक्षम व्हायला या शार्कना सुमारे दीडशे वर्षे लागतात असा अंदाज निघाला. बोहेड देवमासे दोनशे वर्षांपुढे जातात. आइसलंडजवळ सापडलेल्या एका शिंपल्याचे वय ५०७ वर्षे मोजले गेले. बाहेरून मरण येण्याचा धोका जितका कमी, तितका वार्धक्य लांबवण्याचा फायदा जास्त, हा उत्क्रांतीचा सर्वसाधारण कल मेडावार आणि त्यांच्यानंतर जॉर्ज विल्यम्स यांच्या मांडणीतून पुढे आला. खेळाच्या विश्वात एल्फ उत्क्रांत झालेले नाहीत, ते कोरेलॉन या देवतेपासून उत्पन्न झाले आहेत. तरीही उशिरा वयात येणे, क्वचित अपत्ये आणि प्रदीर्घ आयुष्य हे त्रिकूट निसर्गातही एकत्रच आढळते, आणि खेळाच्या रचनाकारांनी ते जाणूनबुजून केले असो वा नसो, नेमके जमून आले आहे.

आकडा बदलला की इतिहास बदलतो

‘फॉरगॉटन रेल्म्स’ या या खेळाच्या सर्वांत गाजलेल्या जगात मिथ ड्रॅनॉर हे एल्फांचे वैभवशाली नगर तिथल्या कालगणनेनुसार ७१४ साली पडले. १९९८ साली आलेल्या पहिल्या ‘बाल्डर्स गेट’ची कथा १३६८ सालची आहे, म्हणजे नगर पडून तेव्हा ६५४ वर्षे झाली होती आणि ७५० ची मर्यादा मानली तरी तो दिवस लहानपणी पाहिलेले थोडे एल्फ हयात असू शकत होते. ‘बाल्डर्स गेट ३’ घडते १४९२ साली. आता अंतर ७७८ वर्षांचे झाले आणि आजच्या नियमांनुसार साक्षीदार जवळपास संपले. हेच १९७९ च्या तक्त्याने मोजा. नगर पडताना शंभर वर्षांचा असलेला उच्च एल्फ आज ८७८ वर्षांचा, म्हणजे नुकताच ‘वृद्ध’ गटात शिरलेला असेल आणि त्याच्यापुढे आणखी काही शतके असतील. एका तक्त्यानुसार मिथ ड्रॅनॉर ही जिवंत माणसांची आठवण आहे, दुसऱ्यानुसार ऐकीव इतिहास.

अर्ध-एल्फ जाहिरा ही दोन्ही खेळांत भेटते, म्हणून तिचा हिशेब जास्त रंजक आहे. पहिल्या खेळात ती पूर्ण वाढलेली योद्धी आहे. तेव्हा वय अगदी वीस धरले तरी तिसऱ्या खेळात ती किमान १४४ वर्षांची ठरते. दुसऱ्या आवृत्तीच्या तक्त्यात अर्ध-एल्फाचे कमाल वय १२५ अधिक तीन वीस-पैलू फासे, म्हणजे १२८ ते १८५ आणि सरासरी १५६ असे येते. पाचवी आवृत्ती अर्ध-एल्फांना बहुधा १८० च्या पुढे नेते. जुन्या नियमांत जाहिरा शेवटच्या वर्षांत असती. नव्या नियमांत ती पिकलेली पण ताठ आहे, आणि खेळात ती तशीच दाखवली आहे.

मग खेळताना कोणता आकडा धरावा?

डंजन मास्टरने आधी आपले जग किती धोक्याचे आहे हे ठरवावे, वय त्यानंतर. सुरक्षित अरण्यात वसलेल्या एल्फ नगरात पाचशे-सहाशे वर्षांचे ज्येष्ठ पुष्कळ भेटले तर ते सुसंगत दिसेल. सीमेवरच्या, सतत हल्ले झेलणाऱ्या वस्तीत तीनशे-चारशेच्या पुढचा एल्फ विरळा असावा आणि गावाने त्याला तसा मान द्यावा. सातशे ओलांडलेला एल्फ साऱ्या राज्यात एखादाच ठेवावा, आणि तो अजून का आहे याचे कारण कथेत तयार ठेवावे. खेळाडूच्या पात्राचे वय ४० असो की १४०, नियमांत फरक पडत नाही. पण पात्र १४० वर्षांचे असेल, तर त्याने आतापर्यंत किती माणूस मित्रांना निरोप दिला हे खेळाडूने पहिल्या बैठकीआधी लिहून आणावे, कारण पहिल्या रात्री शेकोटीभोवती बसलेले बाकीचे खेळाडू त्याला तेच विचारणार आहेत.